मामाची जमीन

इंदूरच्या मराठी घरात मुलगा कमावता झाला की दोनच विषय निघतात, लग्न आणि प्लॉट. प्लॉटचा विषय निघाला की कुणीतरी वडीलधारं माणूस विचारतंच, "टायटल क्लिअर आहे ना?" मी ३१ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची १४ गृहकर्जाच्या टेबलावर. त्यामुळे लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, जिथे जिथे आमचे नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे आहेत तिथून हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे येतो. लोक पिशवीतून कागद काढतात : रजिस्ट्री, नामांतरण, डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती केल्याचा कागद), नकाशाची मंजुरी, रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा, नंबर. मी एकेक कागद बघतो आणि सांगतो, हो, क्लिअर आहे. निवृत्त होईपर्यंत हे सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. आता अडखळते. कारण हे सगळे कागद चाळताना आपण एक गोष्ट कधीच विचारत नाही : २ ऑक्टोबर १९५९ रोजी ही जमीन कुणाच्या नावावर होती?

ही तारीख मी मनाने काढलेली नाही. त्या दिवशी मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता लागू झाली. संहितेचं कलम १६५ (६) सांगतं की अधिसूचित आदिवासीबहुल भागात आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊच शकत नाही. बाकीच्या भागात ती जायची असेल तर कलेक्टरची परवानगी हवी, आणि परवानगी का दिली हे त्याने लिहून ठेवायला हवं. इंदूर या दुसऱ्या प्रकारात येतो. पुढे १९८० मध्ये संहितेत १७० ख हे कलम आलं. कोर्टाच्या आवारात त्याला 'एक सौ सत्तर बी' म्हणतात. १९५९ पासून १९८० पर्यंतच्या काळात जी शेतजमीन आदिवासीची होती, ती १९८० मध्ये ज्याच्या ताब्यात असेल त्याने आपणहून एसडीओला, म्हणजे उपविभागीय महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं की ही आपल्याकडे कशी आली. मुदत दोन वर्षांची. कळवलं नाही, तर ताबा बेकायदा आहे असंच धरलं जाणार. फसवणूक झाली हे सिद्ध करायला अंगठा उठवणाऱ्या माणसाला सांगितलेलं नाही. जमीन ज्याच्या हातात आहे, त्याने आपले हात दाखवायचे. पुढच्याच कलमात असंही आहे की या प्रकरणांत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय वकील उभा राहू शकत नाही, आणि समोरच्याला परवानगी दिलीच तर आदिवासीलाही सरकारी खर्चाने कायद्याची मदत द्यायची. हा कायदा लिहिणाऱ्यांना माळव्यातला सावकार, पटवारी आणि भील शेतकरी हे तिघंही चांगले ठाऊक होते.

मग हा कायदा माझ्या टेबलावर का दिसला नाही? याचं उत्तर फार साधं आहे आणि त्याने मला पुष्कळ रात्री जागवलं आहे. कर्ज देण्याआधी बँकेचा वकील 'सर्च रिपोर्ट', म्हणजे जमिनीच्या मागच्या व्यवहारांच्या तपासाचा अहवाल, देतो. तो साधारण ३० वर्षांचा असतो. आज कुणी सर्च केला तर तो १९९५ च्या आसपास जाऊन थांबतो. १९७२ साली कर्जापोटी गेलेली जमीन, १९७८ साली पटवाऱ्याने परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढवलेली जमीन, या सगळ्या त्या रेषेच्या पलीकडे राहतात. रेषेच्या अलीकडे दिसतात त्या खणखणीत रजिस्ट्र्या : अमुकने तमुकला विकली, तमुकने कॉलोनायझरला, म्हणजे प्लॉट पाडून वसाहत करणाऱ्याला, विकली, स्टॅम्प ड्युटी पूर्ण, साक्षीदार दोन. दर वर्षी ही रेषा एका वर्षाने पुढे सरकते आणि दर वर्षी आणखी काही जमिनींचा उगम तिच्यामागे बुडतो. आपण त्याला टायटल क्लिअर होणं म्हणतो. मी स्वतः अशा शेकडो रिपोर्टांवर सही केली आहे.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी एक माणूस बँकेत आला. पन्नाशीचा असेल, महूच्या बाजूच्या गावातला भील. प्लास्टिकच्या पिशवीत जुनी ऋण पुस्तिका (शेतकऱ्याचं जमिनीचं खातेपुस्तक) आणि एसडीओच्या आदेशाची झेरॉक्स होती, घडीवर फाटलेली. आदेश त्याच्या वडिलांच्या बाजूने झाला होता, १७० ख खालीच. जमीन परत करा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. पण मग अपील झालं, स्थगिती आली, वडील गेले, आणि दरम्यान त्या सर्व्हे नंबरचे तुकडे होऊन त्यावर कॉलनीचा नकाशा मंजूर झाला. कॉलनीत आमच्या बँकेचं कर्ज मिळतं असा बोर्ड होता, तो वाचून कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बँकेने पैसा दिला नाही तर घरं होणार नाहीत. म्हणून तो आला होता. तो म्हणाला, "साब, कागज तो है, कब्जो नी है." मी त्याला बसवलं, पाणी दिलं, झेरॉक्स वाचली आणि सांगितलं की हा महसूल खात्याचा विषय आहे, बँकेचा नाही. त्याने मान हलवली, घडी पुन्हा नीट घातली आणि गेला. संध्याकाळी मी आमच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, सर्चमध्ये काही नाही. त्या कॉलनीतली चार कर्जं मी त्याच महिन्यात मंजूर केली.

माझं म्हणणं या एका प्रसंगातून निघालेलं आहे, ते सरळ मांडतो. आदिवासीचा जमिनीवरचा हक्क आणि त्या जमिनीवर उभी राहिलेली खासगी वसाहत यांचा जिथे झगडा होतो, तिथे नुकसान कुणीतरी सोसणारच. ते नुकसान ज्याने त्या जमिनीतून नफा काढला त्याने आणि ज्याने डोळे मिटून मंजुरी दिली त्या शासनाने सोसलं पाहिजे. आजपर्यंत ते प्रत्येक वेळी पहिल्या माणसाच्या, म्हणजे मूळ भूमिस्वामीच्याच अंगावर टाकलं गेलं आहे, आणि त्याला आपण 'जुनं प्रकरण' असं नाव दिलं आहे.

जमीन कशी जाते हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. अंगठ्याचे दिवस संपले, हे खरं. आता पद्धती सफाईच्या आहेत. एका आदिवासीने दुसऱ्या आदिवासीला जमीन विकायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून पैसा शेठचा आणि नाव त्याच्या भील ड्रायव्हरचं किंवा रखवालदाराचं. कागदावर लाखोंची जमीन असलेला तो माणूस पंधरा हजारांच्या पगारावर शेठचंच फाटक उघडत असतो. दुसरी वाट इकरारनाम्याची : विक्री नाही, फक्त करार, सोबत मुखत्यारनामा, आणि ताबा आजपासून. तिसरी वाट कायदेशीर आहे आणि तिचंच मला जास्त भय वाटतं. कलेक्टरकडे परवानगीचा अर्ज आदिवासीच करतो. मुलीचं लग्न आहे, घरात आजारपण आहे, जमीन नापीक आहे, दुसरीकडे बागायती घ्यायची आहे. मी पाहिलेल्या अर्जांत गावं वेगळी होती, माणसं वेगळी होती, पण वाक्यं तीच. अर्ज कोण टाइप करून आणतो हे तहसीलमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. वास्तविक परवानगी देताना किंमत पुरेशी आहे का, व्यवहार बेनामी तर नाही, जमिनीचा पुढे काय उपयोग होणार, हे बघावं असं संहिताच सांगते. पण हे बघायचं कुठे? फाइलमध्ये. जमिनीवर जाऊन, गावकऱ्यांसमोर, अर्जदाराच्या बायकोमुलांना विचारून बघितलं जात नाही.

आणि कॉलनी मंजूर होण्याआधीच इंदूरमध्ये डायरीवर प्लॉट विकले जातात, हे तर इथे शाळकरी पोरालाही माहीत आहे. साध्या डायरीत रक्कम लिहायची, सही ठोकायची. ती डायरी हातोहात फिरते, दर हाताला भाव चढतो. रजिस्ट्रीचा दिवस उगवेपर्यंत त्या शेतावर इतक्या लोकांचा जीव टांगलेला असतो की मूळ मालकाने तोंड उघडलं तर सगळेच त्याच्यावर धावून जातात. माझ्या मते या डायऱ्यांनी जितका अन्याय पचवला आहे तितका कुठल्या सावकाराच्या वहीनेही पचवला नसेल.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात सशक्त मुद्दा घेतो, कारण तो मला एका भील शिक्षकानेच ऐकवला आणि त्याला टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणाले, "शेजारच्या पाटीदाराची जमीन बाजारभावाने जाते. माझी त्याच बांधाला लागून आहे, पण मला अर्धा भाव सांगतात, कारण माझ्या जमिनीला कलेक्टरची फाइल चिकटलेली आहे. मी एम.ए. झालोय. माझं भलं कशात आहे हे ठरवायला मला कलेक्टर कशाला?" या प्रश्नातली वेदना खरी आहे. सज्ञान माणसाला आपल्याच मालमत्तेसाठी परवानगी मागावी लागणं हा अपमान आहे, आणि संरक्षण म्हणून दिला तरी अपमान अपमानच असतो.

तरीही मी त्यांच्याशी सहमत होऊ शकलो नाही, आणि त्यांच्याच अंगणात बसून मी कारण सांगितलं. विकण्याचं स्वातंत्र्य महत्त्वाचं आहे, पण वाढत्या शहराच्या कडेला माणसाचं जे स्वातंत्र्य आधी जातं ते न विकण्याचं. कॉलनीची भिंत उभी राहते आणि गाडीवाट बंद होते. नाला वळवला जातो, खालच्या शेतात पाणी तुंबतं. दहा बोअर खणले जातात, विहीर कोरडी पडते. सीमांकनाचा अर्ज महिनोन् महिने पडून राहतो, कारण शेजारी आता एक माणूस नसून कंपनी आहे. मग एक दिवस तो 'स्वखुशीने' विकतो. पाटीदार याच दबावाखाली विकतो, पण त्याचा भाऊ मंडीत आढत्या असतो, मेहुणा वकील असतो, विकून आलेल्या पैशाने कुठे जमीन घ्यायची हे त्याला सांगणारी दहा माणसं असतात. ज्या घरात हे काहीच नाही तिथे परवानगीची अट काढली तर भाव वर जाईल, पण किती दिवस? एका हंगामात जमीन जाईल, दोन-तीन वर्षांत पैसा जाईल, आणि मग तो माणूस मजूर चौकात उभा राहील. झाबुआ आणि अलिराजपूरच्या हजारो लोकांसारखाच. इंदूरच्या इमारती तेच बांधतात. होळीच्या आधी भगोरियाच्या जत्रेला ती माणसं गावी गेली की शहरातली कामं ओस पडतात. कुणाच्या हातांवर आपण उभे आहोत हे तेवढ्या आठवड्यात कळतं.

शिक्षकांचा अपमान दूर करायचा असेल तर परवानगी काढून टाकण्यापेक्षा चांगला रस्ता आहे. विक्री हाच एक मार्ग कशाला? इंदूर–पीथमपूर पट्ट्यात सरकार स्वतःच शेतकऱ्यांना सांगतं आहे की जमीन द्या, विकसित प्लॉटच्या रूपात हिस्सा परत घ्या. जे सरकार स्वतःसाठी असा हिशेब करतं, त्याने खासगी कॉलोनायझरलाही तोच नियम लावावा. आदिवासीच्या शेतावर वसाहत करायची आहे? त्याचं नाव कागदावर राहू द्या, ठरलेला हिस्सा त्याला विकसित प्लॉटमध्ये मिळू द्या, आणि त्या प्लॉटवर तीच संरक्षणं कायम ठेवा. मग शहराच्या वाढीत त्याचाही वाटा राहील. त्याला शहरातून हाकलून देण्याची किंमत म्हणून एकरकमी चेक देणं याला मी विकास म्हणू शकत नाही.

आता प्रामाणिक गिऱ्हाईकाचं काय? हा प्रश्न मला टोचतो, कारण ते गिऱ्हाईक म्हणजे आपणच. निवृत्त मास्तर, नर्सबाई, पहिल्यांदा घर घेणारी मुलं. त्यांनी तर पैसे मोजले, सर्च बघितला, हप्ते भरले. कायद्याने याचाही विचार केलेला आहे आणि तो प्रत्येक घर घेणाऱ्याने वाचला पाहिजे. १७० ख मध्ये फसवणूक सिद्ध झाली आणि जमीन मोकळी असली तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत जाते. त्यावर बांधकाम झालेलं असेल तर जमिनीची किंमत ठरवायची आणि दिलेल्या व खऱ्या किमतीतला फरक भरायला लावायचा. पण पुढे एक अट आहे : १ जानेवारी १९८४ नंतर बांधलेल्या घराला ही सवलत नाही. म्हणजे गेल्या चाळीस वर्षांत अशा जमिनीवर उठलेल्या प्रत्येक बंगल्याच्या पायाखाली हा धोका आहे, आणि तो विकताना कुणी सांगत नाही.

घरं पाडा असं मी म्हणत नाही. एका कुटुंबाला उघड्यावर आणून दुसऱ्या कुटुंबाला न्याय मिळत नाही. पण यात मध्ये उभा असलेला तिसरा माणूस प्रत्येक वेळी निसटतो, ते बंद झालं पाहिजे. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १८ (२) बघा. जमिनीचं टायटल सदोष निघून घर घेणाऱ्याचं नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि या दाव्याला मुदतीचा कायदा आड येणार नाही. कितीही वर्षांनी मागा. संसदेने मान्य केलं आहे की टायटलमधला दोष काळाने धुतला जात नाही. मग हाच न्याय त्या दोषाच्या मुळाशी असलेल्या माणसाला का नको? आपला, घर घेणाऱ्यांचा, दावा कधीच शिळा होत नाही आणि भील शेतकऱ्याचा दावा ३० वर्षांच्या सर्चच्या पलीकडे गेला की शिळा होतो, हे कुठल्या तराजूत बसतं? कॉलोनायझरने त्याच परिसरात तेवढ्याच मोलाची जमीन मूळ मालकाला द्यावी, तोपर्यंत त्याचा पुढचा एकही नकाशा मंजूर होऊ नये. आणि आदेश असताना ज्या कार्यालयाने नकाशा मंजूर केला, त्याच्या तिजोरीतूनही वाटा जावा.

माझा भाचा व्हँकुव्हरजवळ राहतो. गेल्या वर्षी ऑगस्टपासून, म्हणजे २०२५ पासून, त्याच्या फोनवर हाच विषय असतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सुप्रीम कोर्टाने (नाव सुप्रीम, पण त्याच्यावरही अपील चालतं) रिचमंड शहरातल्या सुमारे ८०० एकर जमिनीवर काउइचन या तिथल्या मूळ निवासी लोकांचा मूळ हक्क मान्य केला. पाचशेहून अधिक दिवस सुनावणी चालली होती. कॅनडा सरकारची आणि रिचमंड शहराची तिथली मालकी सदोष ठरवली, त्या भागाच्या अंमलबजावणीला १८ महिन्यांची मुदत दिली, आणि आता प्रकरण अपिलात आहे. "मामा, उद्या आमच्याही घरांवर कुणी दावा सांगेल," असं तो घाबरून म्हणाला. मी त्याला सांगितलं की बातमी पूर्ण वाच : खासगी घरमालकांची मालकी रद्द करा, अशी मागणी काउइचन लोकांनी केलेलीच नव्हती. त्यांनी बोट दाखवलं ते सरकारकडे, ज्याने त्यांची जमीन त्यांना न विचारता इतरांना वाटून टाकली. ज्यांच्यावर दीडशे वर्षं अन्याय झाला त्यांनी इतका विवेक दाखवला, आणि घाबरलो आपण. आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली. २००७ मध्ये मूळ निवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांत आला, तेव्हा कॅनडाने विरोधात मत दिलं होतं आणि भारताने बाजूने. पण भारताची भूमिका अशी की इथे सगळेच मूळ निवासी. सगळेच मूळ निवासी, म्हणजे वेगळा हक्क कुणाचाच नाही. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०११ रोजी, नगर जिल्ह्यातल्या एका भील स्त्रीवरच्या अत्याचाराच्या निकालात, आदिवासी हेच बहुधा या देशाचे मूळ रहिवासी असल्याचं म्हटलं, ते आपण सोयीने विसरतो.

आम्ही इंदूरचे मराठी लोक तर या विषयात त्रयस्थ असूच शकत नाही. आमचे पूर्वज होळकरांबरोबर इथे आले. कुणाला सनद मिळाली, कुणाला इनाम, कुणाला कमाविसदाराची, म्हणजे महसूल वसुलीची, नोकरी. मोडीतल्या त्या कागदांचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असावा. पण ज्या माणसाकडे कागदच नव्हता, त्याचाही हक्क असतो, हे शिकवणारी गोष्टही आमच्याच इतिहासात आहे. अहिल्याबाईंच्या काळात विंध्याच्या घाटांतून माळव्यातून निमाडात माल जायचा आणि भिलांच्या टोळ्या तो लुटायच्या. बाईंनी बंदोबस्तासाठी बळही वापरलं. पण शेवटी तोडगा काढला तो असा की डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडासा कर घेण्याचा भिलांचा परंपरागत हक्क मान्य केला. त्याला 'भीलकवडी' म्हणत. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने तशी नोंद करून ठेवली आहे. बदल्यात चोरीला गेलेला माल परत मिळवून देण्याची आणि पडीक जमीन कसण्याची जबाबदारी भिलांवर आली. बाईंनी भिलांना रस्त्यावरचे चोर न मानता डोंगराचे मालक मानलं, आणि मालकाशी करावा तसा करार केला. त्याच घाटाच्या डोक्यावर, जाम दरवाज्याच्या वाटेवर, आज फार्महाऊसच्या पाट्या लागलेल्या आहेत. भीलकवडी कोण भरतं?

आणि इंग्रजी राजवटीविरुद्ध बंड करणारा तंट्या भील. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी झाली. पाताळपाणीला त्याचं स्मारक आहे, भंवरकुआं चौकाला त्याचं नाव दिलं गेलं आहे. तंट्याचं बंड वडिलांच्या जमिनीच्या खटल्यात हरल्यावर सुरू झालं, असं निमाडात सांगतात. या भागात भिलाला 'मामा' म्हणतात, तंट्याही मामाच. साइटवर सिमेंटची पोती उचलणाऱ्यालाही आपण "ए मामा" म्हणून हाक मारतो. मराठीत मामा हे किती जवळचं नातं आहे हे कुणाला सांगायला नको. ज्याच्या घरी हक्काने जायचं, जो हातावर काही ना काही ठेवल्याशिवाय परत पाठवत नाही, तो मामा. हाक मारली की नातं लागू होतं, आणि मग मामाच्या सातबाऱ्याकडे, इथल्या भाषेत मामाच्या खसऱ्याकडे, नजर टाकताना माणसाने लाजायला हवं.

मानपूरचा घाट उतरला की धार जिल्ह्यातला अनुसूचित प्रदेश लागतो. झाबुआ, अलिराजपूर, बडवानी तर पूर्णच राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या खास तरतुदींत, आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित भागांतल्या पंचायतींचा कायदा, चालतो. झाबुआचे खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीच्या अहवालातून तो आला. जमीन चुकीच्या हाती जाऊ न देण्याचा आणि गेलेली परत मिळवून देण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेला दिला. मध्य प्रदेशाने त्याचे नियम करायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडावा लागला, ही आपली गती. पण घाटाच्या वर, इंदूर जिल्ह्यात, तेवढंही नाही. घाटाखालच्या भावाला निदान ग्रामसभा आहे, वरच्या भावाला फक्त फाइल. आणि शहर तर वरच्या भावाच्याच बांधावर येऊन पोचलं आहे. सिमरोलला आयआयटी आली, खंडवा रोडचे भाव कुठल्या कुठे गेले, आता इंदूर, उज्जैन, देवास, धार मिळून महानगर प्रदेश आखला जातो आहे. म्हणून माझी मागणी आहे की शहराच्या या पट्ट्यात, पाचवी अनुसूची लागू नसली तरी, १६५ (६) ची प्रत्येक सुनावणी त्या गावात, त्या शेतावर, ग्रामसभेसमोर व्हावी आणि ठरलेली किंमत पंचायतीच्या भिंतीवर लिहिली जावी. १७० ख खाली परत देण्याचे आदेश झाले पण ताबा मिळाला नाही, अशा जमिनींची यादी जिल्ह्याने जाहीर करावी, आणि त्या यादीतल्या सर्व्हे नंबरवर ना नकाशा मंजूर व्हावा ना कर्ज. बँकांना हे अजिबात अवघड नाही. ३० वर्षांच्या सर्चला १९५९ च्या खसऱ्याची एक नकल जोडायची, एवढंच. मी खुर्चीवर असताना हे करू शकलो असतो. केलं नाही.

गेल्या महिन्यात शेजारची मुलगी आणि जावई कागद घेऊन आले. सिमरोलच्या पुढचा प्लॉट, रेरा नंबर असलेला, सर्च स्वच्छ. मी त्यांना म्हटलं, जुन्या खसऱ्याची नकल काढू. अर्ज केला, अभिलेखागारात चार चकरा झाल्या, नकल मिळाली. नाव, बापाचं नाव, जात भील, राहणार त्याच गावचा. १९७४ मध्ये नाव बदललेलं, आणि बारा नंबरच्या कैफियतीच्या रकान्यात परवानगीच्या आदेशाचा नंबर नाही. कॉलोनायझरच्या ऑफिसात विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "अंकल, इतना पुराना कौन देखता है." बुकिंगचे पैसे परत मागितले आहेत, बघू कधी मिळतात. मुलीने ती नकल माझ्याकडून घेतली आणि फोनमध्ये फोटो काढला. त्या नावाचं कुणी अजून गावात राहतं का हे विचारायला येत्या रविवारी ती दोघं निघाली आहेत. मी त्यांच्याबरोबर जातो आहे.